घरचंच आहे, मीच केलंय

दोब्रिलाच्या हातच्या अक्रोडाच्या वड्या लिपोवाक गावात बहुतेक सगळ्यांनी खाल्ल्या होत्या, आणि त्या दोब्रिलाच्या हातच्या आहेत हे कबूल करणारं गावात एकही माणूस नव्हतं.

बायकांचा नियमच तसा. स्लावाच्या दिवशी, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, टेबलावर जे मांडायचं ते घरच्या बाईच्या हातचं हवं. नवरा एक वेळ दुसरीचा पळवून आणलेला चालेल, पण वडी विकतची चालायची नाही. पाहुण्याने पहिला घास घेतला की विचारायचं, "वा, कुणी केल्या?" आणि घरच्या बाईने पदर सावरल्यासारखा एप्रन सावरत म्हणायचं, "घरचंच आहे, मीच केलंय." हीच बाई आदल्या दिवशी कोटाखाली रिकामं ताट लपवून मागच्या बोळाने दोब्रिलाच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आलेली असायची, हे त्या ताटाला आणि दोब्रिलालाच ठाऊक.

धंदा सुरू झाला तोही धंदा म्हणून नव्हे. दोब्रिलाचा नवरा मिलुतिन बस चालवायचा. त्याची कंबर गेली आणि तो घरी बसला. त्याच सुमारास शेजारच्या रुझाचा हात मोडला, तोही ऐन स्लावाच्या तोंडावर. दोब्रिलाने तिला ताटभर वड्या करून दिल्या. रुझाने बळेच पैसे दिले. मग आणखी एक बाई आली, मग तिची जाऊ, मग त्या जावेशी न बोलणारी तिसरी. मिलुतिनला हुरूप आला. त्याने एका फळीवर छान निळ्या रंगात 'येथे गोड पदार्थ करून मिळतील' असं लिहिलं आणि फाटकाला टांगलं. ते पाहून पहिलंच गिऱ्हाईक पांढरंफटक पडलं.

"काढ ती पाटी आधी!" बाई कुजबुजली. "मी तुझ्या फाटकातून आत शिरताना कुणी बघितलं तर लोक काय म्हणतील?"

पाटी उतरली. सध्या ती आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून काम करते.

पण दोब्रिलाच्या डोक्यात एक किडा शिरला तो काही निघेना. कुणी कुणाला सांगत नाही, मग या बायका येतात कशा? तिने प्रत्येकीला विचारून पाहिलं. पशुवैद्याची बायको म्हणाली, "असंच कळलं." टपालातली स्टोयका म्हणाली, "कळायला काय, गाव केवढंसं." एक म्हातारी तर म्हणाली, "वाऱ्याने सांगितलं, बाई. तू ताट भर." धाग्याचं टोक हाताला लागतंय असं वाटावं आणि तेवढ्यात तो तुटावा, असं दर वेळी व्हायचं. दोब्रिला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या या तोंडाचं त्या तोंडाशी गणित मांडायची, आणि सकाळी सगळं पुसलेलं असायचं.

हा नुसता भोचकपणा नव्हता. त्या वर्षी तिला ते कळणं फार गरजेचं झालं होतं. स्लावा शरद आणि हिवाळ्यात दाटीवाटीने येतात, पण त्या संपल्या की पुढे सगळं कोरडं. लग्नाकार्याचं काम मिळालं तरच बारा महिने चूल चालणार. ते मिळायचं नाही, तर व्हिएन्ना होतंच. तिथल्या एका एजन्सीच्या बाईने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. एका ऑस्ट्रियन आजीबाईंना आंघोळ घालायची, भरवायचं, त्यांच्याच घरात राहायचं. ख्रिसमसनंतर निघायला हवं होतं आणि उत्तर त्याआधी द्यायचं होतं. गल्लीतल्या अर्ध्या बायका अशाच गेल्या होत्या. त्यांची मुलं फोनवर मोठी होत होती. दोब्रिलाची याना पाचवीत होती. तिने कपाटावरची सुटकेस कुठेतरी लपवून ठेवली होती आणि विचारलं तर म्हणाली, "उंदरांनी नेली असेल." दोब्रिलाला हसू आलं. तिला जायचं नव्हतं. अजिबात जायचं नव्हतं.

"जाहिरात केल्याशिवाय धंदा वाढत नाही," मिलुतिन म्हणाला.

"गुपिताची जाहिरात कशी करतात ते तू सांग, मी करते."

"मग जी कोण बाई तुझं नाव पसरवतेय तिला शोध. तिला म्हणावं, जरा मोठ्याने पसरव."

हे मात्र दोब्रिलाला पटलं. संत निकोलसचा दिवस जवळ आला होता. स्लावाला आमंत्रण नसतं, ज्याला आठवण आहे तो येतो आणि आलेल्याला कुणी परत पाठवत नाही. तिने ठरवलं, आपणच घरोघर जायचं, कोपऱ्यात बसायचं आणि 'कुणी केल्या' म्हणून विचारल्यावर पुढे काय होतं, कोण कुणाच्या कानाला लागतं, ते आपल्या कानांनी ऐकायचं.

आता इथे दोब्रिलाच्या हातून जी चूक झाली ती आमच्याच गावात होऊ शकते. संत निकोलस हा गावातल्या निम्म्या घरांचा संत. म्हणजे त्या दिवशी निम्मं गाव यजमान आणि उरलेलं निम्मं गाव पाहुणे, आणि पाहुणे या घरातून त्या घरात जेवत हिंडणार. त्यात तो उपासाच्या दिवसांत येतो. मासे चालतात, पण दूध, लोणी, अंडी यांचं नावही काढायचं नाही. दोब्रिलाची उपासाची वडी म्हणजे अक्रोड, आलुबुखारचा मुरंबा आणि वर ब्रँडीत मुरवलेली एक आंबट चेरी. दोब्रिला म्हणायची, तुम्हाला जरा वेगळं काही करून देऊ का? पण प्रत्येकीला तीच हवी. "रुझाकडे होत्या ना, अगदी तश्शाच." आणि शहाण्या दोब्रिलाने सगळ्यांना अगदी तश्शाच दिल्या.

रुझाच्या घरी तिला काही उमगलं नाही. पाहुण्याने विचारलं, रुझा म्हणाली, "घरचंच आहे, मीच केलंय," आणि पाहुण्याने आणखी एक उचलली. कुणी कुणाच्या कानाला लागलं नाही. स्टोयकाच्या घरी तीच वडी, तीच चेरी आणि तेच वाक्य ऐकलं, आणि समोर रुझाकडच्याच पाहुण्यांपैकी दोघे बसलेले पाहिले, तेव्हा दोब्रिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग स्वतःचाच होता. एवढी अक्कल असती तर आपण चेरीऐवजी कुणाला बदाम, कुणाला मनुका लावला नसता का?

तिसरं घर कोसाराचं. कोसारामावशी म्हणजे गावातली सगळ्यात कडक बाई. दुसऱ्यांच्या टेबलावरचा केक बोटाने दाबून "जरा जास्त भाजलाय" म्हणणारी. दोन वर्षं ती दोब्रिलाकडून वड्या नेत होती आणि दोन वर्षांत रस्त्यात एकदाही दोब्रिलाला ओळख दाखवली नव्हती. त्या दिवशी तिच्याकडे विशेष होतं. मुलाचं लग्न ठरत होतं आणि होणारी विहीण पेर्सिदा पहिल्यांदाच नवऱ्याला घेऊन पलीकडच्या गावाहून आली होती. दारात दोब्रिलाला पाहून कोसाराचा चेहरा पडला. पण संताच्या दिवशी दार लावता येत नाही. तिने साखर घातलेल्या शिजवलेल्या गव्हांची वाटी पुढे केली, दोब्रिलाने क्रूसाची खूण करून चमचाभर घेतला आणि टेबलाच्या टोकाला जाऊन बसली.

टेबल माणसांनी गच्च भरलं होतं. मेणबत्ती जळत होती, माशाचं कालवण संपत आलं होतं आणि पाद्रीबाबा दुसऱ्यांदा वड्यांकडे वळले होते. तेवढ्यात तिहोमिर आला. तिहोमिर म्हणजे कोसाराच्या लग्नात नवऱ्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला माणूस. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं, त्यामुळे त्याला बोलायचा परवाना होता, आणि त्याचा आवाज असा की दळण टाकलेल्या गिरणीतही ऐकू यावा. त्याने वडी उचलली, तोंडाजवळ नेली आणि थांबला.

"थांबा, थांबा! ही वडी मला ओळखते!"

सगळे हसले.

"हसू नका. सकाळी रुझाकडे भेटली. मग स्टोयकाकडे भेटली. आता मी धापा टाकत इथे येतोय तर माझ्या आधी पोचून बसलीय! कोसारा, कुणी केल्या गं?"

"घरचंच आहे, मीच केलंय," कोसारा म्हणाली.

"रुझा अगदी हेच म्हणाली. स्टोयकासुद्धा. तुम्ही तिघी मिळून पाठ केलंय का?"

हसणं एकदम ओसरलं. टेबलाभोवतीच्या बायका आपापल्या ताटात बघायला लागल्या, कारण त्यांतल्या दोघीतिघींनीही आपापल्या स्लावाला हीच चेरी मांडली होती. विहीणबाई पेर्सिदा हातातल्या वडीकडे पाहत होती. तिहोमिरची नजर फिरत फिरत टेबलाच्या टोकाला आली.

"दोब्रिला! बरी सापडलीस. माझी बायको म्हणते, तुझ्या घरावरून जाताना अक्रोड भाजल्याचा वास येतो. आज सणाचा दिवस, समोर पाद्रीबाबा बसलेत, खोटं बोलायचं नाही. या वड्या तुझ्या ना?"

ज्याची तीन वर्षं वाट पाहिली ते आयतं समोर येऊन उभं राहिलं होतं. फाटकाला टांगलेल्या कुठल्याही पाटीला जमलं नसतं ते एका 'हो'ने जमणार होतं. घरात माणसांची दाटी, प्रत्येकाला दोन कान आणि एक तोंड, शिवाय पलीकडच्या गावची मंडळी. उद्या सकाळी बातमी नदीपार गेली असती. लग्नाचं काम, बारा महिन्यांची चूल, व्हिएन्ना रद्द. आणि खोटंही बोलायचं नव्हतं, खरंच तर सांगायचं होतं. 'हो' अगदी दातांपर्यंत आलं.

मग तिला कोसाराचे हात दिसले. सगळ्यांच्या केकला बोट लावणारे ते हात टेबलक्लॉथवरची नसलेली सुरकुती साफ करत होते. परत परत, एकाच जागी.

"माझ्या?" दोब्रिला म्हणाली. "माझ्या हातून अशा झाल्या असत्या तर मी इथे कशाला आले असते, तिहोमिरभाऊ? मी रेसिपी मागायला आलेय. गेलं वर्षभर मागतेय. मावशी देतच नाहीत. रुझा आणि स्टोयका बघून बघून शिकल्या, मलाच मेलं जमत नाही."

कोसाराने मान वर केली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते दोब्रिलाला नीट वाचता आलं नाही.

"एवढंच ना?" तिहोमिरने टेबलावर थाप मारली. "दे गं कोसारा, आत्ता सगळ्यांसमोर देऊन टाक. सण आहे, दान कर!"

"त्यात काय आहे एवढं," कोसारा म्हणाली आणि घसा खाकरला. "अक्रोड घ्यायचे. दळायचे. मग पीठ. मग... लोणी. आणि अंडी, चार अंडी फेटून..."

पाद्रीबाबांचा घास वाटेतच थांबला. उपासाचा दिवस, संताची मेणबत्ती जळतेय, आणि बाई म्हणतेय लोणी! अंडी! म्हणजे अख्ख्या टेबलाचा उपास मोडला, आणि पाद्रीबाबांचा तर चांगलाच मोडला, कारण त्यांनी मोजणी सोडून दिली होती. आपण काय बोलून बसलो हे कोसाराला कळलं आणि ती पांढरी पडली.

दोब्रिलाने दोन्ही हातांनी टाळी वाजवली.

"बघा! बघा, बघा! म्हणते ना मी! मागच्या खेपेला मला व्हिनेगर घालायला सांगितलं होतं, आता उपासाच्या वडीत अंडी! पाद्रीबाबा, तुम्हीच सांगा हिला. सगळं देईल, पण खरी रेसिपी द्यायची नाही!"

आणि मग जो हशा उसळला तो काही विचारू नका. कारण लिपोवाकमध्ये आजवर कुठल्याही बाईने कुठल्याही बाईला पूर्ण रेसिपी दिलेली नाही. काहीतरी एक गाळायचंच, ही रीत. तिहोमिरची बायको डोळे पुसत म्हणाली, "त्यात सोडा घालायचा हे माझ्या सासूने मला वीस वर्षं सांगितलं नाही! ती मेल्यावर कळलं!" पाद्रीबाबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि थांबलेला घास पुढे नेला. पेर्सिदा मात्र हसली नाही. ती आळीपाळीने दोब्रिलाकडे आणि कोसाराकडे बघत राहिली.

घरी जाताना पुलावर दोब्रिलाला रडू आलं. चारचौघांत, पाद्रीच्या साक्षीने, तिने आपल्याच वड्या आपल्या नाहीत म्हणून सांगितलं होतं. आता कोण येणार?

"हातातोंडाशी आलेला घास गं!" मिलुतिनने कपाळावर हात मारला. "तुला नुसतं हो म्हणायचं होतं!"

"मला तिचे हात बघवले नाहीत."

"आणि यानाचं तोंड बघवतं का?"

हे बोलणं दोब्रिलाला फार लागलं. मिलुतिनलाही बोलल्यावर लागलं, कारण तो उठला आणि कंबर दुखत असताना सरपण फोडायला गेला. दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाहून फोन आला. दोब्रिलाने आणखी थोडी मुदत मागून घेतली. दाराशी कुणी आलं नाही. त्यानंतरच्या दिवशीही कुणी आलं नाही. दोब्रिलाने पातेली घासून ठेवली आणि कुठले स्वेटर बरोबर न्यावेत याचा विचार सुरू केला.

मग एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, मागच्या दारावर टकटक झाली. दारात पेर्सिदा उभी होती. कोसाराची विहीण. कोटाचं वरचं बटण लावलेलं, डोक्याला रुमाल.

"वड्या करणारी दोब्रिला तूच ना?"

"नाही," दोब्रिला म्हणाली. "म्हणजे, दोब्रिला मीच. पण वड्या मी नाही करत. त्या कोसारामावशींच्या..."

पेर्सिदा खुदकन हसली आणि न विचारता स्टुलावर बसली. "शाब्बास. असंच म्हणशील असं तिने सांगितलंच होतं."

"कुणी?"

"कोसाराने."

दोब्रिलाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "मावशींनी? तुम्हाला सांगितलं? स्वतःच्या विहिणीला?"

"अगं, मीच विचारलं. सगळे गेल्यावर आम्ही दोघी ताटं पुसत होतो. मी म्हटलं, मुलीचं लग्न आहे, पाहुण्यांसाठी आमच्या घरच्या वड्या हव्यात, तुमची खरी रेसिपी तेवढी सांगा. पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला लागली. मग मान खाली घालून म्हणाली, 'त्या माझ्या नाहीत. दोब्रिलाच्या आहेत. तिच्याकडे जा. नाही म्हणाली तर समजा तीच.'"

ज्या एका माणसापासून लपवायचं म्हणून कोसारा त्या दिवशी मरायला टेकली होती, त्याच माणसाला तिने आपल्या तोंडाने सांगितलं होतं. दोब्रिलाचे डोळे भरून आले. पण तो डोक्यातला किडा असला मेला हट्टी, की रडताना तिने पहिल्यांदा विचारलं ते हेच:

"आणखी काय म्हणाल्या? माझ्याबद्दल? शब्दन् शब्द सांगा हं. चेरीबद्दल काही म्हणाल्या का? की अक्रोड भाजून घेते त्याबद्दल?"

"वड्यांबद्दल?" पेर्सिदा विचारात पडली. "वड्यांबद्दल काहीच नाही म्हणाली."

"काहीच नाही?"

"म्हणाली, मेली तरी सांगणार नाही अशी बाई आहे. बस, एवढंच."

दोब्रिलाने हातातलं फडकं टेबलावर टाकलं.

"अगं बाई, चांगल्या वड्या करणाऱ्या आमच्या गावात पैशाला पासरी आहेत," पेर्सिदा म्हणाली. "पण गप्प बसणारी एकच होती. ती गेली मुलाकडे जर्मनीला. तेव्हापासून आम्ही सगळ्या उघड्यावर पडलोय. आहे एक दुसरी, हात सोन्याचा, पण ताट दिलं की संध्याकाळी बाजारात वर्दी! तुझ्याकडे यायला मी काय वड्या खाऊन तयार झाले? तू त्या टेबलावर जे केलंस ते बघितलं म्हणून आले. लग्न ईस्टरआधीचा मोठा उपास लागायच्या आत आहे. त्याच्या आधी माझ्या दोन बहिणींकडे कार्य आहे. मग नणंद. मी त्यांना सांगितलंय. फक्त कानात. चालेल ना?"

तीन वर्षं कुठल्या तोंडांनी कुठल्या कानांत काय सांगितलं होतं ते दोब्रिलाला आत्ता कळलं. रुझाने, स्टोयकाने, त्या वाऱ्याचं नाव घेणाऱ्या म्हातारीने. एकीनेही अक्रोडाचं नाव काढलं नव्हतं. आधी तिला चांगलंच झोंबलं. हात दुखेपर्यंत अक्रोड दळले ते काय उगाच? मग ती हसायला लागली, आणि हसता हसता पेर्सिदासाठी ओतलेला कॉफीचा कप तिला द्यायला विसरली, तो स्वतःच पिऊन टाकला.

पेर्सिदा आली तशीच मागच्या बोळाने गेली. मिलुतिन सरपणाचा भारा घेऊन आत आला तेव्हा दोब्रिला मोठं पातेलं खाली काढत होती.

"व्हिएन्नाला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, मी येत नाही."

त्याने भारा तसाच खाली सोडला. "का? काय झालं? कोण आलं होतं?"

"कोणी नाही," दोब्रिला म्हणाली.